मॉडेल, स्कीमा आणि प्रत्यक्ष नोंदी : जुन्या डेटाबेसवर उभारलेल्या वेब-आज्ञावलीची पडताळणी

१. विषयाचे स्वरूप

भाषाविषयक संशोधनाची सामग्री पूर्वी चिठ्ठ्यांच्या पेट्यांत व टिपणवह्यांत साठविली जात असे. आता ती बहुधा डेटाबेसमध्ये ठेवली जाते. बोलींचे शब्दसंग्रह, कोशांच्या नोंदी, निवेदकांची माहिती, ध्वनिमुद्रणांच्या याद्या अशी नाना प्रकारची सामग्री या रीतीने जतन केलेली असते. असा डेटाबेस एका पिढीतील अभ्यासकांनी उभारावा आणि पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी त्यावर वेबवरून चालणारी नवी आज्ञावली बसवावी, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. नवी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती सामग्री आयती येते. परंतु ती सामग्री कोणत्या नियमांनी रचलेली आहे, याची समजूत मात्र त्याला स्वतःच करून घ्यावी लागते. ही समजूत मुळाशी जुळते किंवा नाही हे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक आहे असे समजून तो संगणकतज्ज्ञांवर सोपविण्याची प्रवृत्ती आढळते. ती योग्य नव्हे. समजुतीतील जी चूक आज्ञावलीला बंद पाडते ती फारशी घातक नसते, कारण ती लगेच ध्यानी येते व दुरुस्त होते. घातक असते ती न बोलणारी चूक. अशा चुकीमुळे आज्ञावली सुरळीत चालते, पडद्यावर नोंदी दिसतात, नव्या नोंदी भरल्याही जातात. आणि हळूहळू जुन्या नोंदींचे स्वरूप पालटत जाते. वीस वर्षांपूर्वी एखाद्या गावच्या वृद्ध निवेदकाने सांगितलेला उच्चार एकदा पुसला गेला, की तो पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून पडताळणीचा हा विषय सामग्रीच्या विश्वासार्हतेचा, अर्थात संशोधनाचाच विषय होय.

२. एकाच वस्तूची तीन रूपे

तक्त्यांच्या रूपाने सामग्री मांडण्याची आजची पद्धती एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधावर आधारलेली आहे. सामग्री यंत्रात कोठे व कशी साठविली आहे याच्याशी तिचा उपयोग करणाऱ्याला कर्तव्य असू नये, त्याला केवळ तक्ते, स्तंभ आणि त्यांचे परस्परसंबंध यांच्याच भाषेत बोलता यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९८५ साली त्यांनी जे नियम मांडले, त्यांतील एक असा, की डेटाबेसने स्वतःचे वर्णनही तक्त्यांच्याच रूपात बाळगावे आणि इतर सामग्रीप्रमाणेच ते वाचता यावे. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात या वर्णनाला ‘इन्फर्मेशन स्कीमा’ असे निश्चित रूप मिळाले. कोणते तक्ते आहेत, कोणत्या स्तंभात कोणत्या प्रकारचे मूल्य बसते, कोणता स्तंभ रिकामा राहू शकतो, कोणत्या तक्त्याचा कोणाशी संबंध आहे, हे सर्व डेटाबेसलाच विचारता येते. या वर्णनाला येथे ‘स्कीमा’ म्हटले आहे.

दुसरे रूप मॉडेलचे. पायथन, जावा यांसारख्या भाषेत आज्ञावली लिहिणारा प्रत्येक तक्त्यासाठी एक वर्ग लिहितो आणि त्यात स्तंभांची नावे व प्रकार नमूद करतो. तक्ता आणि वर्ग यांची सांगड घालणारी साधने प्रसिद्ध आहेत. जावामध्ये हायबरनेट, पायथनमध्ये जँगो आणि एसक्यूएल-अल्केमी ही त्यांपैकी होत. मॉडेल म्हणजे सामग्रीविषयी आज्ञावलीने बाळगलेली समजूत.

तिसरे रूप प्रत्यक्ष नोंदींचे. स्कीमा सांगतो ते नियम आणि नोंदींत आढळते ते वास्तव या दोहोंत अंतर असू शकते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. भाषाभ्यासकाला हा भेद नवा वाटू नये. व्याकरणात सांगितलेला नियम ही एक गोष्ट, आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी असलेला प्रयोग ही दुसरी. व्याकरणकाराचे पुस्तक वाचून विद्यार्थ्याने केलेली टिपणे ही तिसरी. विद्यार्थ्याची टिपणे पुस्तकाशी जुळली म्हणजे ती भाषेशीही जुळली, असे आपण म्हणत नाही. तद्वतच मॉडेल स्कीमाशी जुळले, एवढ्याने ते नोंदींशी जुळले असे ठरत नाही. पडताळणीची तयार साधने बहुतांशी पहिल्याच तुलनेपाशी थांबतात. दुसरी तुलना अभ्यासकाला स्वतः करावी लागते, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

३. कोणते साधन कशाची तुलना कशाशी करते

प्रथम तयार साधनांचा विचार करू. उदाहरणादाखल बोलीच्या शब्दसंग्रहाचा एक साधा डेटाबेस कल्पावा. त्यात ‘शब्द’, ‘गाव’ आणि ‘निवेदक’ असे तीन तक्ते आहेत, आणि कोणत्या गावी कोणता शब्द कसा उच्चारला जातो हे सांगणारा ‘उच्चार’ हा चौथा तक्ता आहे. या चौथ्या तक्त्याची ओळख-किल्ली शब्दक्रमांक आणि गावक्रमांक या दोन स्तंभांची मिळून बनलेली आहे. असा डेटाबेस हाती आला असता जँगो वापरणारा अभ्यासक ‘इन्स्पेक्टडीबी’ ही आज्ञा देतो. ही आज्ञा स्कीमा वाचून त्यावरून मॉडेलचा मसुदा तयार करते.

या मसुद्याविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ज्या स्तंभाचा प्रकार साधनाला ओळखता येत नाही, त्याला ते साधा मजकूर मानते आणि हा केवळ तर्क आहे अशी टीप शेजारी लिहिते. ती टीप वाचून निर्णय घेणे हे माणसाचे काम आहे. दुसरी, तयार झालेली मॉडेले ‘मॅनेज्ड नाही’ अशा खुणेची असतात. म्हणजे हे तक्ते निर्माण करणे वा मोडणे जँगोच्या अधिकारात राहत नाही. जुन्या सामग्रीच्या दृष्टीने ही खूण म्हणजे संरक्षक कुंपण होय. ती घाईने काढू नये.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन स्तंभांची मिळून बनलेली किल्ली जँगोमध्ये एप्रिल २०२५ च्या ५.२ या आवृत्तीपासून मान्य झाली. तोवर मसुद्यात त्यांपैकी पहिला स्तंभ हीच एकटी किल्ली म्हणून नोंदविली जात असे. आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ असा होतो, की ‘उच्चार’ तक्त्यात शब्दक्रमांक हीच नोंदीची ओळख ठरते. एका गावचा उच्चार चुकीचा म्हणून ती नोंद आज्ञावलीतून काढली, तर त्या शब्दाचे सर्व गावांतील उच्चार एकदम नाहीसे होतात. कारण पुसण्याची आज्ञा केवळ शब्दक्रमांक पाहून दिली जाते. त्याचप्रमाणे केवळ उच्चाराचा स्तंभ बदलून नोंद जतन केली, तर तोच उच्चार सर्व गावांच्या माथी बसतो. आज्ञावली कोणतीही तक्रार करीत नाही. जुन्या आवृत्तीत सिद्ध झालेली मॉडेले आजही ठिकठिकाणी वापरात असू शकतात. म्हणून किल्ल्यांची तपासणी सर्वांत आधी करावी.

यानंतर स्थलांतरांचा, म्हणजे ‘मायग्रेशन्स’चा, विचार केला पाहिजे. मॉडेलमध्ये झालेला बदल डेटाबेसपर्यंत पोहोचविण्यासाठी जँगोमध्ये सप्टेंबर २०१४ च्या १.७ या आवृत्तीपासून ही व्यवस्था अंगभूत आहे. ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा तपासणीच्या पर्यायासह दिली आणि ‘कोणताही बदल नाही’ असे उत्तर मिळाले, म्हणजे मॉडेल डेटाबेसशी जुळले, असा सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. ही आज्ञा आजच्या मॉडेलांची तुलना पूर्वी लिहिलेल्या स्थलांतरांच्या फायलींशी करते. तक्त्यांची प्रत्यक्ष रचना ती पाहतच नाही. डेटाबेसमध्ये कोणी हाताने एखादा स्तंभ बदलला असेल, तरी या आज्ञेला त्याची वार्ताही नसते. मॉडेल स्वतःच्याच इतिहासाशी सुसंगत आहे, एवढेच तिच्या उत्तरावरून सिद्ध होते.

जुना डेटाबेस या व्यवस्थेखाली आणताना ‘फेक-इनिशियल’ नावाचा पर्याय वापरतात. तक्ते आधीच अस्तित्वात असल्याने पहिले स्थलांतर झाले असे मानावे, असा त्याचा आशय. तक्ते अस्तित्वात आहेत की नाहीत हे तो मुख्यतः नावांवरून ठरवितो. ‘शब्द’ नावाचा तक्ता आहे एवढे त्याला पुरते. त्या तक्त्यात शब्दाची लांबी किती, कोणता स्तंभ रिकामा राहू शकतो, हे तो विचारीत नाही. नाव जुळले म्हणून आशय जुळला असे मानण्याचाच हा प्रकार आहे.

एसक्यूएल-अल्केमीच्या सोबतीचे ‘अलेम्बिक’ हे साधन या बाबतीत निराळ्या मार्गाने जाते. ते डेटाबेसची प्रत्यक्ष रचना वाचते व तिची मॉडेलशी तुलना करून फरकांची यादी देते. तक्ते व स्तंभ यांची भर आणि घट, रिकामेपणाची मुभा, परकीय किल्ल्या यांतील फरक त्याला कळतात. परंतु नामांतर त्याला कळत नाही. ‘वाडी’ हा स्तंभ ‘गाव’ या नावाने ओळखला जाऊ लागला, तर एक स्तंभ गेला व दुसरा आला असा त्याचा निष्कर्ष असतो. आणि त्याने तयार केलेला मसुदा न वाचता चालविला, तर जुन्या स्तंभातील मजकूर नष्ट होऊन नवा रिकामा स्तंभ तयार होतो. दोन काळांतील रूपे केवळ शेजारी ठेवून ध्वनिपरिवर्तन आणि शब्दाची अदलाबदल यांतील भेद कळत नाही. मधला इतिहास ठाऊक असावा लागतो. येथेही तेच आहे. शिवाय मूल्यांवर घातलेली ‘चेक’ बंधने ते सर्वसाधारणपणे ताडून पाहत नाही.

हायबरनेटमधील ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय आज्ञावली सुरू होतानाच तक्ते, स्तंभ आणि त्यांचे प्रकार पाहतो व विसंगती आढळल्यास आज्ञावली सुरू होऊ देत नाही. ही शिस्त चांगली आहे. पण तिचाही आवाका नावे आणि प्रकार यांपलीकडे फारसा जात नाही.

एतावता, ‘पडताळणी केली’ असे कोणी सांगितल्यास ‘कशाची कशाशी?’ असा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

४. शब्द एक, परिणाम भिन्न

नावे व प्रकार जुळल्यानंतरही अर्थाचा भेद शिल्लक राहतो. याचे पहिले कारण असे, की मॉडेलमध्ये लिहिलेले सर्व नियम डेटाबेसमध्ये उतरत नाहीत. जँगोच्या मॉडेलमध्ये ‘लिंग’ या स्तंभासाठी पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग असे तीनच पर्याय नेमून दिले, तरी डेटाबेसच्या दृष्टीने तो स्तंभ केवळ अक्षरांचा असतो. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने त्यात चौथेच मूल्य घातले, तर त्याला अडविणारे कोणी नसते. इतकेच नव्हे, तर जँगोच्या आतूनही नोंद थेट जतन केली असता हे पर्याय तपासले जात नाहीत. तपासणीची पायरी अर्जाच्या मार्गाने येते किंवा मुद्दाम बोलवावी लागते.

न दिलेल्या मूल्याऐवजी जे मूल्य घ्यावयाचे, त्याचीही तीच गत. मॉडेलमधील असे मूल्य पायथनच भरते. डेटाबेसच्या स्वतःच्या पातळीवर ते नेमून देण्याची सोय जँगोमध्ये डिसेंबर २०२३ च्या ५.० या आवृत्तीत आली. त्यामुळे मॉडेल वाचणाऱ्याला वाटते, की ‘स्थिती’ या स्तंभात काही न भरल्यास ‘अपूर्ण’ असे आपोआप येईल. पण त्याच तक्त्यात दुसऱ्या मार्गाने नोंदी भरणाऱ्या जुन्या आज्ञावलीला ते आपोआप मिळत नाही.

दुसरे कारण याच्या उलट आहे. स्कीमामध्ये लिहिलेला नियमही प्रत्येक वेळी अंमलात असतोच असे नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘चेक’ बंधन लिहिण्याची मुभा पूर्वीपासून होती, पण २०१९ च्या ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत ते वाचून सोडून दिले जात असे. तक्ता तयार करणाऱ्याने आपल्या मूळ फायलीत बंधन लिहून ठेवलेले आपणास दिसते. डेटाबेसने मात्र ते कधीच पाळलेले नसते. एसक्यूलाइटमध्ये साधारण तक्त्यातील स्तंभाची लांबी शंभर अक्षरे अशी घोषित केली तरी पाचशे अक्षरे विनातक्रार साठविली जातात. आणि परकीय किल्ल्यांची तपासणी प्रत्येक जोडणीला स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये एखादे बंधन ‘नॉट व्हॅलिड’ या खुणेने घालता येते. ते नव्या नोंदींना लागू पडते, जुन्यांना तपासले जात नाही. जुन्या सामग्रीवर शिस्त लावण्याचा तो एक चांगला उपाय आहे; परंतु त्या बंधनाच्या अस्तित्वावरून सर्व नोंदी ते पाळतात असे अनुमान काढल्यास ते चुकीचे ठरेल.

रिकाम्या जागेचा अर्थ हा तिसरा मुद्दा. ‘नल’ म्हणजे मूल्यच नाही, आणि रिकामी अक्षरमाला म्हणजे मूल्य आहे पण त्यात एकही अक्षर नाही, असा भेद बहुतेक डेटाबेस मानतात. ओरॅकलमध्ये मात्र रिकामी अक्षरमाला ही ‘नल’च समजली जाते. भाषिक सामग्रीत हा भेद क्षुल्लक नाही. निवेदकाला प्रतिशब्द विचारलाच नाही, ही एक स्थिती; विचारला असता ‘आमच्याकडे असा शब्द नाही’ असे त्याने सांगितले, ही दुसरी. पूर्वीच्या संकलकाने पहिलीसाठी ‘नल’ आणि दुसरीसाठी रिकामी अक्षरमाला वापरली असेल, आणि नव्या मॉडेलने दोहोंचे एकीकरण केले, तर बोलीतील अभावाचा पुरावाच नष्ट होतो. स्कीमा व मॉडेल यांची तुलना करणारे कोणतेही साधन ही हानी दाखवू शकत नाही, कारण संकलकाचा तो संकेत स्कीमामध्ये लिहिलेलाच नसतो.

५. देवनागरी मजकुराचे विशेष प्रश्न

मराठी सामग्रीच्या बाबतीत लांबी व समानता या दोन कल्पना विशेष जपून हाताळाव्या लागतात. ‘दुसऱ्या’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात द, उकार, स, ऱ, हलन्त-चिन्ह, य आणि काना असे सात संकेत आहेत. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. म्हणून साठवणीत त्याचे एकवीस बाइट होतात. लांबी तीन, सात की एकवीस, हे मोजणाऱ्यावर अवलंबून राहते.

जँगोचे मॉडेल लांबी संकेतांत मोजते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांतील ‘व्हारचार’ स्तंभही तसाच मोजतो. ओरॅकलमध्ये मात्र विशेष सूचना नसल्यास लांबी बाइटांत मोजली जाते. मॉडेलमध्ये शंभर, स्कीमामध्येही शंभर. तुलना करणारा समाधान पावतो. प्रत्यक्षात त्या स्तंभात देवनागरीचे तेहतीसच संकेत मावतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली असता हा दोष कधीच उघडकीस येत नाही.

समानतेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र तीन रीतींनी टंकित होऊ शकतो : ऱ हा स्वतंत्र संकेत वापरून, र व नुक्ता असे दोन संकेत जोडून, अथवा र, हलन्त-चिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. पडद्यावर तिन्ही रूपे एकसारखी दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन एकरूप होतात. तिसरे वेगळेच राहते. ‘ॲ’ या स्वराची कथाही अशीच आहे. त्याचा स्वतंत्र संकेत युनिकोडच्या २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र यांच्या जोडीने लिहिलेला आढळतो, आणि ही दोन रूपे प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या व्यवस्थेत समानता बाइटांवरून ठरते. त्यामुळे ‘शब्द’ स्तंभावर ‘पुनरुक्ती नको’ असे बंधन स्कीमामध्येही आहे व मॉडेलमध्येही आहे, तरी एकच शब्द दोन-तीन वेळा नोंदविला गेलेला असू शकतो. आणि त्याची उदाहरणे व उच्चार त्या दोन-तीन नोंदींत विभागले गेलेले असू शकतात. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधकाची संख्या येथेच चुकते.

याहूनही फसवी अशी एक परिस्थिती जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आढळते. २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीपूर्वी त्याची गृहीत अक्षरसंहिता ‘लॅटिन-१’ ही होती. स्तंभ त्या संहितेचा म्हणून घोषित झालेला, पण जुन्या आज्ञावलीने त्यात युटीएफ-८ चे बाइट भरलेले, असा प्रकार त्यामुळे घडतो. भरणारा आणि वाचणारा दोघेही एकच चूक करीत असल्याने मराठी मजकूर नीट दिसत राहतो. नवी आज्ञावली योग्य संहिता सांगून जोडणी करते, आणि तिला निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसू लागतात. अशा वेळी घाईने संहिता बदलण्याची आज्ञा दिल्यास ती निरर्थक चिन्हेच खरी मानून रूपांतरित केली जातात. योग्य मार्ग असा, की स्तंभ आधी केवळ बाइटांचा म्हणून घोषित करावा आणि मग त्याच बाइटांना युटीएफ-८ हे नाव द्यावे. येथे मॉडेल निर्दोष आहे. स्कीमाच नोंदींविषयी खोटे सांगत आहे.

६. पडताळणीचा क्रम

वरील विवेचनावरून पडताळणीचा एक व्यवहार्य क्रम सुचविता येतो.

पहिली पायरी, मूळ डेटाबेसला हात न लावता त्याची प्रत घ्यावी, आणि मूळ डेटाबेससाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते वापरावे.

दुसरी पायरी, नोंदी वगळून केवळ रचनेचा उतारा काढावा. पोस्टग्रेस व मायएसक्यूएल या दोहोंच्या उतारा-साधनांत तशी सोय आहे. हा उतारा आज्ञावलीच्या मजकुरासोबत, त्याच शिस्तीने जतन करावा.

तिसरी पायरी, रिकाम्या डेटाबेसवर सर्व स्थलांतरे आरंभापासून चालवावीत, तयार झालेल्या रचनेचाही उतारा काढावा, आणि दोन्ही उतारे ओळीओळीने ताडून पाहावेत. मॉडेलच्या मते डेटाबेस कसा असावा आणि तो वस्तुतः कसा आहे, यांतील अंतर यातून निघते. ‘मॅनेज्ड नाही’ अशी खूण असलेले तक्ते या रीतीने तयार होत नाहीत. त्यांच्या बाबतीत ‘इन्स्पेक्टडीबी’चा मसुदा पुन्हा काढून तो हाती असलेल्या मॉडेलशी ताडावा.

चौथी पायरी, प्रत्येक फरकापुढे निर्णय लिहावा : मॉडेल दुरुस्त करावयाचे, स्कीमा दुरुस्त करावयाचा, की फरक हेतुपूर्वक ठेवावयाचा. तिसऱ्या प्रकारात कारण लिहिणे अगत्याचे आहे. नाहीतर पुढील अभ्यासक तोच फरक चूक समजून ‘दुरुस्त’ करतो.

पाचवी पायरी नोंदींची. मॉडेलचे प्रत्येक विधान प्रश्नाच्या रूपात डेटाबेसला विचारावे. लिंगाची नेमकी किती भिन्न मूल्ये आढळतात? सर्वांत लांब शब्द किती संकेतांचा, किती बाइटांचा? ज्यांचा निवेदक ‘निवेदक’ तक्त्यात नाही अशा नोंदी किती? किती ठिकाणी ‘नल’ आहे आणि किती ठिकाणी रिकामी अक्षरमाला? प्रमाणीकरण केल्यावर एकरूप होणारे शब्द किती? उत्तरे कोष्टकात मांडावीत. माझ्या मते सर्व क्रमात हीच पायरी सर्वाधिक फलदायी ठरते, आणि तीच बहुधा गाळली जाते.

सहावी पायरी, प्रतीवर मॉडेलच्या द्वारे प्रत्येक नोंद वाचून ती काहीही न बदलता परत लिहावी आणि आधीची व नंतरची सामग्री ताडावी. एकही अक्षर बदलता कामा नये. नोंदीची तारीख आपोआप आजची होत असेल, शेवटची रिकामी जागा गळत असेल, ‘नल’चे रिकाम्या अक्षरमालेत रूपांतर होत असेल, तर ते येथे निश्चित दिसून येते.

सातवी पायरी म्हणजे यांतील यांत्रिक भाग, विशेषतः तिसरी पायरी, आज्ञावलीच्या प्रत्येक बदलाबरोबर आपोआप चालेल अशी व्यवस्था करणे. एकदा जुळलेली रूपे कायम जुळलेली राहत नाहीत.

७. प्रमाण कोणते मानावे

फरक आढळल्यावर कोणी कोणाला अनुसरावे, हा प्रश्न उरतो. डेटाबेस केवळ या एकाच आज्ञावलीच्या उपयोगाचा असेल, तर मॉडेल व स्थलांतरे यांना प्रमाण मानून स्कीमा त्यांच्याशी जुळवून घेणे सोयीचे असते. परंतु तोच डेटाबेस इतर आज्ञावल्याही वापरीत असतील, किंवा त्यातील सामग्री पुन्हा गोळा करता येण्याजोगी नसेल, तर मॉडेलनेच नमते घेतले पाहिजे. जुना स्कीमा सदोष असतो, मग त्याची एवढी भीड का बाळगावी, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. सदोष स्कीमा अवश्य सुधारावा. पण तो जाणूनबुजून, लिहून ठेवलेल्या कारणासह, नोंदी तपासून आणि परतीची वाट मोकळी ठेवून सुधारावा. मॉडेल बदलले म्हणून स्कीमा नकळत बदलणे आणि विचारपूर्वक स्कीमा बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या कामात विभागातील अभ्यासकाचा वाटा कोणता, हेही यावरून स्पष्ट व्हावे. नावे, प्रकार आणि किल्ल्या यंत्र ताडून पाहील. ‘नल’ म्हणजे विचारले नाही की आढळले नाही, दोन नोंदी हा एक शब्द की दोन, लिंगाच्या स्तंभातील चौथे मूल्य ही टंकलेखनाची चूक की बोलीतील खराखुरा विकल्प, या प्रश्नांचा निर्णय सामग्री जाणणाराच देऊ शकतो. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी अशी आज्ञावली उभारताना पाचव्या पायरीचे कोष्टक प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावे, अशी सूचना करावीशी वाटते. त्यावरून सामग्री कोणत्या स्थितीत हाती आली व कोणत्या स्थितीत पुढे दिली, हे परीक्षकाला आणि पुढील संशोधकाला पाहता येईल.